न तुडवलेलं रान

शनिवारी दुपारी रिपोर्ट गेला आणि तेव्हापासून सुकन्याचं चित्त कशात लागेना. जेवायला बसली की पाण्यासाठी उठायची, उठली की कशाला उठलो ते विसरायची. रविवारी तिनं एकच ओढणी दोनदा धुतली. मंगळवारी सकाळी सोलापूरच्या स्टँडवर मंगळवेढ्याची एसटी लागायला आली, तेव्हा गाडी थांबायच्या आतच ही दाराला लटकली. आधी चढलेला माणूस आधी पोचत नाही हे तिला कळत होतं, पण पायाला भिंगरी लागली की कळून उपयोग काय?

खरं तर दिवस आनंदाचा होता. आज ती आईला कायमची सोलापूरला आणणार होती. फुलाबाई पस्तीस वर्षं मेंढरांमागं चालली आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. ती तरीही चालत होती, कारण धनगरांच्या फिरत्या तळावर न चालणाऱ्या माणसाची सोय नसते. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक खोली होती, तळमजल्याची, नळ आत, पायरी एकच. खोली तिच्या साहेबाच्या, आदिनाथच्या मावशीची. "आमच्या ऑफिसातली मुलगी आहे," एवढ्या आदिनाथच्या शब्दावर मावशीनं किल्ली काढून दिली होती. सोलापुरात एकट्या पोरीला आणि तिच्या आईला अशी खोली मिळायला नशीब लागतं, किंवा आदिनाथ लागतो.

आदिनाथचं ऑफिस सात रस्त्याजवळ, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. धंदा असा, की ऐकणाऱ्याला आधी थट्टा वाटावी. अमेरिकेत एल्क नावाचं जनावर असतं, आपल्या सांबराच्या जातीचं पण अंगानं घोड्याएवढं. तिकडे त्याची शिकार कायद्यानं करता येते. ज्याची स्वतःची जमीन नाही त्यानं सरकारी रानात जायचं. आता तिकडचं सरकारी रान म्हणजे आपले चार-पाच तालुके एकाला एक जोडावेत एवढं. त्यात नेमकं कुठं जाऊन बसायचं? हे त्या लोकांना सोलापुरातली चार माणसं सांगत होती, आकाशातून काढलेले फोटो बघून. चौघांपैकी एकानंही एल्क सोडा, विमानसुद्धा आतून पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त ह्या उंटाला एसी होता.

चौघांत सुकन्या सगळ्यात हुशार. धनगराची पोर, तळावर जन्मलेली, मंगळवेढ्याच्या वसतिगृहात राहून शिकलेली. फोटोतलं उतारावरचं गवत, पाण्याची जागा, जनावरांच्या वाटा तिला भराभर दिसायच्या. इतरांना दोन दिवस लागायचे ते ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची. कोलोराडोतला एक डोंगर तर तिचा खास लाडका. त्याच्या कुशीतला एक पट्टा बघितला की तिला का कोण जाणे बरं वाटायचं. गेल्या साली तिनं तो पाच शिकाऱ्यांना सुचवला होता. त्यातल्या दोघांनी नंतर तक्रार लिहिली, की एल्क एकही दिसला नाही, नुसती मेंढरं. आदिनाथ हसला होता. "नेम चुकला की माणूस काहीही सांगतो," म्हणाला होता. तीही हसली होती.

आणि मग लॉइड आला. मिशिगनचा एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा. त्याचं पत्र तिला तोंडपाठ झालं होतं. चांगल्या रानाचा परवाना चिठ्ठ्या टाकून मिळतो, दर साली अर्ज करत राहिलं की आधी नंबर लागायचा मान वाढत जातो, असा त्यानं चौदा वर्षांचा मान साठवला होता. या खेपेला परवाना मिळणार हे नक्की. पण एकदा मिळाला की साठवलेलं सगळं संपतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "पुन्हा चौदा वर्षं माझ्याकडे नाहीत," त्यानं लिहिलं होतं. "माझा सोबती बर्ट गेल्या हिवाळ्यात वारला. आम्ही दोघं जाणार होतो, आता मी एकटा जाईन. फिरणं होत नाही. तुम्ही सांगाल तिथं तंबू ठोकून दहा दिवस बसेन. एकच विचारतो. तुमच्यापैकी कुणी ते रान स्वतः चाललं आहे का?"

सुकन्यानं पत्र आदिनाथला दाखवलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "लिही, हो. गेल्या सप्टेंबरात."

"पण सर, आपण कुणीच..."

"सुकन्या, सगळे हेच लिहितात. त्याला धीर पाहिजे, धीर दे. एक तारखेपासून तू टीम लीड आहेस ना?"

तिनं लिहिलं. रिपोर्टखाली नेहमीसारखी सही केली, "सू, फील्ड स्काउट", म्हणजे रानात जाऊन बघून आलेली. वर लाडक्या डोंगराचा पट्टा पहिल्या पसंतीला टाकला, आणि शनिवारी दुपारी बटण दाबलं. अर्ज भरायची मुदत मंगळवारी संध्याकाळची होती, तिकडच्या मंगळवारी. म्हणजे आपल्याकडची बुधवारची सकाळ.

*

तळ मंगळवेढ्याबाहेर एका काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात पडला होता. सुकन्या पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मेंढरं लिंबाखाली एकमेकांच्या पोटात डोकी खुपसून उभी होती. फुलाबाई नवं लुगडं नेसून, दोन लुगडी आणि एक तांब्या पिशवीत घालून सकाळपासून बसली होती. तिच्या ओझ्याच्या घोड्याचा कासरा तिनं जावेच्या, बाळाबाईच्या हाती दिला होता. आणि बाळाबाई तो कासरा धरून अशी ताठ उभी होती, की पाहणाऱ्याला वाटावं घोडा तिला आंदणात मिळालाय.

"उनं कलली की तळ हलनार," बाळाबाई म्हणाली. "पल्याडच्या मळंवाल्यानं खताला मेंढरं बसवाया बोलवलंय. तुमी जावा पाचच्या गाडीनं. आता बाईसाब झाल्या आमच्या जाऊबाई."

"बाईसाब कसली गं," फुलाबाई म्हणाली. पण ती हसत होती. पाय लांब करून, गुडघ्यांवर हात फिरवत, आता ह्यांना कुठं जायचं नाही अशा ऐटीत हसत होती. सुकन्यानं तिला अशी कधी बघितली नव्हती.

धुळा, सुकन्याचा बाप, ह्या तळाचा कारभारी. कारभाऱ्याचं काम पुढं जाऊन रान बघायचं. आज इथं तळ असला तर उद्या कुठं, हे त्यानं ठरवायचं आणि पन्नास माणसांनी, बाराशे मेंढरांनी त्याच्या शब्दावर उठायचं. तो लेकीशेजारी येऊन टेकला.

"तिकडं काय काम करतीस, एकदा नीट सांग तरी. हितं मला लोक इचारत्यात."

सुकन्यानं पिशवीतनं कागद काढला. लाडक्या डोंगराचा मोठा फोटो तिनं मुद्दाम छापून आणला होता. बापाला दाखवायचा, बाप म्हणेल लई झ्याक, की मग चित्त थाऱ्यावर येईल, असा तिचा हिशेब. तिनं कागद घोंगड्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि एल्क, सरकारी रान, शिकारी, तो लॉइड म्हातारा, सगळं सांगितलं.

धुळा आधी कागदाच्या उलट्या बाजूला बसला होता, तो फिरून सुलट्या बाजूला आला. मग त्याचं बोट उतारावरून हळूहळू सरकलं.

"बरं हाय की रान," तो म्हणाला. "मेंढरं कुनाची?"

"मेंढरं नाहीत आप्पा. सरकारी रान आहे. जंगली जनावरांच्या वाटा आहेत त्या."

"वाटा बगून सांगतोय. जंगली जनावर एकटं-दुकटं चालतं, त्याची वाट एक, आनि ती झाडात घुसती. ह्या बग, धा-धा वाटा एकीखाली एक, उताराला आडव्या. अशी मेंढरांची खांडच चालती. आनि ह्यो उघडा गोल टक्कल पडल्यावानी? ह्यो तळ हाय. दर साली हितंच बसत्यात. आनि त्यात ह्यो पांडरा ठिपका."

"तो पांढरा ठिपका दगड आहे," सुकन्या म्हणाली. का म्हणाली कोण जाणे.

"दगडापतुर चाकाची वाट येती व्हय? बग, हितं येऊन थांबली. मेंढक्याची गाडी हाय ती. आनि पान्याजवळ ही सरळ रेघ, ह्यो हौद. देवानं सरळ रेघ कुटं काडलीया का?"

त्यानं सगळं अगदी साधेपणानं सांगितलं, शेजारच्या गावचं रान असावं तसं. सुकन्या कागदाकडे बघत राहिली. एकदा दिसल्यावर आता न दिसणं शक्य नव्हतं. तो पट्टा बघून तिला इतकी सालं बरं का वाटत होतं, ते तिला कळलं. ती एल्कचं रान शोधत नव्हतीच. सोलापुरात टायरच्या दुकानावर बसून ती घर शोधत होती, आणि जिथं घरासारखं दिसलं तिथं पाच माणसांना बंदुका घेऊन पाठवत होती. चौघांतल्या दुसऱ्या कुणाची ही चूक झाली नसती. ती हुशार होती म्हणूनच झाली.

"सरकारी रानात मेंढरं चारू देतात तिकडं," ती हळूच म्हणाली. "परवाना असतो. मी बघायला पाहिजे होतं."

"मेंढरं बसली की हरनं त्या बाजूला फिरकत न्हाईत," धुळा म्हणाला. "आपल्या हितं बगितलंस की. वास आला की काळवीट तोंड फिरवतं."

"मग आप्पा, हे बघा." तिनं फोनवर दुसऱ्या पसंतीचं रान उघडलं. चढ अंगावर येणारा, झाडी दाट, पाणी खोल घळीत. हे तिला कधी आवडलं नव्हतं. "हे कसं आहे?"

"हितं मेंढरू जानार न्हाय. येवडं सांगतो."

"एल्क जाईल का?"

"ते मला काय म्हाईत?" तो म्हणाला. "तुज्या जनावराला मी वळखत न्हाय. तू तितं गेलीयस का?"

"नाही."

"मंग त्या म्हाताऱ्याला काय सांगितलंस?"

सुकन्यानं फोन पालथा ठेवला. ह्या तळावर एक रीत होती आणि ती तिला पाळण्यातल्या अंगाईइतकी ठाऊक होती. कारभारी नवं रान बघून परत येताना तिथली मूठभर माती आणायचा, तिथलं गवत, लेंडी दिसली तर लेंडी. ती मूठ तो तळावरच्या बायांपुढं उघडायचा. बाया माती चुरडायच्या, हुंगायच्या, ओल किती, चारा कसा ते आपसांत बोलायच्या, आणि त्यांनी मान हलवली तरच तळ उठायचा. मूठ नसली तर कारभाऱ्यानं सरळ सांगायचं, मी बघितलं नाही. त्यात कमीपणा नव्हता. कमीपणा होता तो दुसऱ्याच रानाची मूठ आणण्यात. तसं करणाऱ्या माणसाशी तळावर सोयरीकसुद्धा कुणी करत नसे.

"सांगितलं, चालून आलेय," ती म्हणाली.

धुळा रागावला नाही. त्यानं कागदावरचे खडे एकेक उचलले, कागदाची घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

*

ती उठली. लिंबापर्यंत गेली, परत आली. बांधावरून चालली, बांध संपला तशी उलटी फिरली. फुलाबाई तिच्याकडे बघत होती. "अगं बस की जरा," म्हणाली. सुकन्याला बसवेना. तिथं तो म्हातारा आता झोपला असेल. उठेल, चहा की कॉफी काय ते घेईल, आणि चौदा वर्षांचं साठवलेलं सगळं एका मेंढवाड्यावर उधळेल. मग सप्टेंबरात दहा दिवस तंबू ठोकून बसेल आणि दुसऱ्याची मेंढरं मोजेल.

तिनं आदिनाथला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग दुरुस्ती पाठवू या सर. आज मुदत आहे त्याची."

"रिपोर्ट गेला, विषय संपला. दुरुस्ती म्हणजे काय ते कळतं का तुला? आपण चुकलो असं लिहून देणं. तो इतर चार जणांना सांगेल, मागचे पाच उठून बसतील. गप्प राहा. आईला घेऊन ये, मावशीनं खोली धुऊन घेतलीय."

त्यानं फोन ठेवला. मावशीनं खोली धुऊन घेतली होती. तिनं आईकडे बघितलं. फुलाबाई बाळाबाईला सांगत होती, की खोलीत नळ आतच आहे म्हणे, उशाशी पाणी.

खरं सांगायचं तर त्या घटकेला तिनं फोन पिशवीत टाकला होता. म्हातारा परका, आई आपली, यात विचार करण्यासारखं काय होतं? एल्क मिळाला नाही म्हणून कुणाची चूल पेटायची राहणार नव्हती. शिवाय मेंढरं यंदा त्या डोंगरावर आलीच नाहीत तर? असंही होऊ शकतं. तिनं स्वतःला असं पुष्कळ समजावलं. समजूत पटत आली की बर्ट आठवायचा, ज्याला तिनं कधी बघितलं नव्हतं आणि जो मेला होता. दोघं जाणार होते आणि एकटा उरला, एवढंच त्याच्याविषयी तिला ठाऊक होतं. तेवढंही ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

तिनं फोन परत काढला. लॉइडचा पत्ता फक्त ऑफिसच्या मेलवर होता आणि तिथून गेलेली प्रत्येक ओळ आदिनाथच्या फोनवर उमटत असे. हे तिला माहीत होतं. बांधावर उकिडवं बसून तिनं लिहिलं, की पहिलं रान भरू नका, ते मेंढरांचं रान आहे, ओळखण्यात माझी चूक झाली. दुसरं भरा. पण तेही मी चाललेली नाही. मी कुठलंच रान चाललेली नाही, मी अमेरिकेत कधी आलेली नाही. दुसऱ्या रानात मेंढरं जाणार नाहीत एवढं खात्रीनं सांगते, कारण ते ज्याला कळतं अशा माणसानं बघितलं आहे. एल्क असेल की नाही, मला माहीत नाही. खाली पूर्ण नाव घातलं, गावासकट.

पाठवलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. बाळाबाईनं दिलेली भाकरी तिनं ठेच्याबरोबर उभ्यानंच खाल्ली.

उत्तर तासाभरात आलं. म्हातारा पहाटे उठणारा निघाला. "मिळालं. रागही आला. दुसरं भरतो आहे. तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, पण त्या माणसाचे आभार सांगा." तिनं ते बापाला मराठीत सांगितलं. धुळानं पटका सारखा केला. "शाना हाय म्हातारा," म्हणाला, आणि त्याला लई बरं वाटलं हे त्याच्या मिशीवरून दिसलं.

मग आदिनाथचा फोन आला. तो ओरडला नाही. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. किल्ली मावशीकडे देऊन जा. एवढंच.

उन्हं कलली होती. तळ उठत होता. बायांनी कोकरं टोपलीत घातली, पोरांनी जाळ्या गुंडाळल्या, घोड्यांवर ओझी चढली. फुलाबाई पिशवी मांडीवर घेऊन लेकीची वाट बघत बसली होती. सुकन्या तिच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सांगितलं. नोकरी गेली आये, खोली पण गेली. का गेली तेही सांगितलं. धुळा मागं येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "पोरगीनं नाव राखलं आपलं."

फुलाबाईनं दोघांकडे बघितलं.

"बरं केलंस," ती लेकीला म्हणाली. मग थोडी थांबून म्हणाली, "तू अकरा म्हैन्यांची व्हतीस. घाटाच्या पायथ्याला ह्येंनी सांगितलं, म्होरलं रान मी बगितलं न्हाय, मागं फिरा. समद्यांनी ह्येंच्या पाया पडायचं तेवडं बाकी ठेवलं. आजून गोष्ट सांगत्यात. सात दिसांची वाट तुला पाटीला बांदून मी परत चालले, ते कुनी सांगत न्हाय." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकवेना. "खरं बोलनारी तुमी दोगं. चालनारी मी."

धुळाचा हात पटक्यापाशी गेला आणि तिथंच राहिला.

फुलाबाईनं जमिनीला हात टेकला, एक गुडघा उचलला, मग दुसरा, आणि उभी राहिली. बाळाबाईनं कासरा पुढं केला. फुलाबाईनं तो घेतला, घोड्याला चुचकारलं आणि ती निघाली. पिशवी तिथंच राहिली होती, दोन लुगडी आणि तांब्या. सुकन्यानं ती उचलून खांद्याला लावली आणि आईच्या मागून चालू लागली. पाचची एसटी पलीकडच्या रस्त्यानं गेली.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"व्हय," फुलाबाई म्हणाली.